न मिसळायचं तेल

"ह्ये बगा की, मगदूमसाहेब. रोज सकाळी पडतंय."

दिनकरदादांनी चपलेच्या टोकानं अंगणातला डाग दाखवला. जीप त्यांनी नुकतीच पुढं घेतली होती. रात्रभर ती जिथं उभी होती तिथं भाकरीएवढा काळा डाग होता, मधोमध अजून ओला.

मी उकिडवा बसलो, बोट लावलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. हे करताना चेहरा गंभीर ठेवावा लागतो आणि ते मला चांगलं जमायचं.

"आतली घाण निघतेय, दादा. जुन्या तेलाचा गाळ. हे तेल इंजिन आतून धुऊन काढतं ना. थोडे दिवस चालायचंच."

"तसं आसंल तर बरं," ते म्हणाले आणि फडकं घेऊन बॉनेट पुसायला लागले. बॉनेट त्यांनी उघडलं नाही. चार महिन्यांत उघडलंच नव्हतं. उघडायची गरज नाही असं मीच त्यांना सांगितलं होतं.

ही २००६ च्या मार्चमधली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. सांगलीला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि इंजिन ऑइलच्या एका कंपनीचा कोल्हापूर जिल्ह्यातला प्रतिनिधी झालो होतो. कंपनीनं मला दोन पांढरे शर्ट, एक टाय आणि एक मोटारसायकल दिली होती. टाय मी पहिल्याच आठवड्यात बॅगेत घातला, कारण शाहूवाडी तालुक्यात त्याच्याकडं बघून लोक आधी हसायचे आणि मग माझं ऐकायचे. विकायचं होतं सिंथेटिक तेल. सोनेरी डबा, किंमत साध्या तेलाच्या जवळजवळ तिप्पट.

त्या दिवशी बांबवड्याला आमचा चालक मेळावा होता. दूध संस्थेच्या हॉलमध्ये, दुपारी बारा वाजता, वडाप करणारे, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारे, साठ-सत्तर जीपवाले, चहा, वडा आणि आमची माहिती. कोल्हापूरहून आमचे तारळेकर साहेब येणार होते. दिनकर खोत हे माझं मुख्य आकर्षण. उंबरमाळच्या वाडीपासून बांबवड्यापर्यंत रोज चार फेऱ्या मारणारा माणूस, पंधरा वर्षांची जुनी जीप, आणि माझं तेल घालून आठ हजार किलोमीटर. त्यांनी माइकवर दोन मिनिटं बोलायचं होतं. म्हणून मी पहाटे उठून मोटारसायकलनं वाडीवर आलो होतो. जीपचा फोटो काढायचा, माझी मोटारसायकल त्यांच्या अंगणातच ठेवायची आणि वाटेत त्यांच्याकडून भाषण पाठ करून घ्यायचं, असा बेत होता.

"काय म्हणायचं लक्षात आहे ना?"

"आठ हजार झालं. आवाज कमी झालाय. डिझेलला एक किलोमीटर जास्ती मिळतंय. बॉनेट उघडल्यालं न्हाई."

"शेवटचं आधी म्हणा. त्याचा परिणाम जास्त होतो."

"आदी म्हनतो," ते म्हणाले. इतका सरळ माणूस होता.

यातलं मायलेज आणि आवाज दोन्ही खरं होतं, हे सांगायला हवं. तेल वाईट नव्हतं. वाईट मी होतो, पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं. मी स्वतःला हुशार समजत होतो.

दिनकरदादा माझ्या गळाला लागले ते रसूल मुल्लाणींच्या गॅरेजमध्ये. रसूलचाचा बांबवड्यातले सगळ्यांत जुने मिस्त्री, आणि त्यांनी मला तीन महिने उभं केलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये एकदा दिनकरदादा ऑइल बदलायला आले असताना मी तिथंच बसलो होतो. मी बोलायला लागलो. सिंथेटिकचे कण सगळे सारखे असतात, साध्या तेलात लहानमोठे. उष्णतेत हे पातळ होत नाही, जळत नाही, गाळ धरत नाही. इथपर्यंत सगळं पुस्तकातलं आणि खरं.

"किती चालतंय?" दिनकरदादांनी विचारलं.

"दहा हजार. आणि तोपर्यंत बॉनेट उघडून तेलाची पातळी दाखवणारी काडीसुद्धा बघायला नको."

जीपखाली उताण्या पडलेल्या रसूलचाचांचा आवाज आला. "काडी तर विमानाची बी बगत्यात."

"आणि मधे साधं तेल ओतायचं नाही," मी आवाज वाढवला. "एक थेंब मिसळला तरी दोन्ही तेलं फाटतात, दुधासारखी. इंजिन संपलं समजा."

प्रशिक्षणात आम्हाला एवढंच सांगितलं होतं की शक्यतो मिसळू नका, फायदा कमी होतो. दूध माझं होतं. फाटणंही माझंच. पण मला ठाऊक होतं की महिन्याभरात पातळी थोडी उतरली की लोक कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं तेल ओततात आणि पुढच्या वेळी तेच घालतात. दूध फाटतं म्हटलं की कुणी ओतत नाही.

रसूलचाचा बाहेर आले, हात पुसले. "दिनकर, तुझी गाडी म्हातारी हाय. तिला भाकरी मानवत्या. ह्यो तिला बासुंदी पाजाय लागलाय."

दिनकरदादांनी माझ्याकडं पाहिलं, मग रसूलचाचांकडं. "घाला," ते म्हणाले. चाचांनी घातलं. पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कमी झालं, आणि उघडायचंच नाही म्हटल्यावर दिनकरदादांचं गॅरेजला जाणंही थांबलं.

तर, मार्चमधली ती सकाळ. साडेनऊला जीप वाडीवरून सुटली. मी पुढं, त्यांच्या शेजारी. मागं दहावीची नऊ मुलं, कारण त्या दिवशी बीजगणिताचा पेपर होता आणि केंद्र बांबवड्याला होतं. त्यात दिनकरदादांची थोरली, अस्मिता. दोन घट्ट वेण्या, मांडीवर गाइड, ओठ सारखे हलत होते. परीक्षा असेपर्यंत त्यांनी वाडीतल्या पोरांना फुकट न्यायचं ठरवलं होतं. साडेदहापर्यंत पोहोचायचं, अकराला पेपर.

उतार संपून वारणेकडच्या उसाचा पट्टा सुरू झाला तसा डॅशबोर्डवर एक तांबडा दिवा लुकलुकला. मी बाहेर बघायला लागलो. पुढच्या वळणावर तो पुन्हा लागला आणि या वेळी गेला नाही.

"तेलाचा दिवा लागलाय," दिनकरदादा म्हणाले.

"सेन्सर असेल."

त्यांनी आरशात मागं पाहिलं. जीप रस्त्याकडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाचा हात ज्या वेगानं किल्लीकडं जातो त्या वेगानं. मागचं पुटपुटणं थांबलं.

चार महिन्यांनी बॉनेट उघडलं. त्यांनी काडी ओढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत ओढली. काडीच्या अगदी टोकाला मुंगीएवढा थेंब होता. इंजिनचा मागचा भाग आणि खालची सगळी बाजू तेलानं चकचकत होती.

"दाद्या, किती वाजलं?" अस्मितानं मागून विचारलं. वडिलांना ती दाद्या म्हणायची.

"धा वाजून पाच."

बांबवडं सहा किलोमीटर होतं. एस.टी. पुढं गेलेली, मागून यायची दुसऱ्या गावची जीप अकराशिवाय नव्हती. माझ्या मोबाइलला रेंज नव्हती. पोरं चालत निघाली असती तरी सव्वाअकराच्या आत पोहोचली नसती.

रस्त्यापासून दोनशे पावलांवर एका गुऱ्हाळाचा धूर दिसत होता. मी म्हणालो, "गुऱ्हाळ आहे म्हणजे चरकाला इंजिन असणार." हे मी का बोललो, मला माहीत नाही. तोंडातून गेलं. दिनकरदादा आणि मी पळतच गेलो.

गुऱ्हाळाच्या मालकीण हौसाक्का रस उकळणाऱ्या काहिलीपाशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात लांब दांड्याचं हत्यार, चेहरा घामानं आणि वाफेनं लाल. दिनकरदादांना त्या ओळखत होत्या.

"पोरं पेपरला निगाल्यात आक्का. गाडीतलं तेल संपलंय."

"मग घे की. इंजिनापाशी डबा हाय." त्यांनी मानेनं दाखवलं. "आटरा वर्सं त्येच घालतोय आमी. काय बिगाडल्यालं न्हाई."

पाच लिटरचा पत्र्याचा डबा, निम्म्याहून जास्त भरलेला. साधं, तपकिरी, मल्टिग्रेड डिझेल इंजिन तेल. मी टोपण काढून वास घेतला, बोट बुडवलं. अगदी चांगलं तेल होतं.

दिनकरदादांनी डबा उचलला, वाचला आणि खाली ठेवला.

"ह्ये साधं हाय."

"असू दे की," हौसाक्का म्हणाल्या.

"न्हाई आक्का. माज्या गाडीत सिंथेटिक हाय. ह्येच्यात त्ये मिसळलं की फाटतंय. इंजिन जातंय." मग माझ्याकडं वळून, "व्हय न्हवं?"

मी हातातलं टोपण डब्यावर बसवलं. त्यांना वाटलं मी मान हलवली. कदाचित हलवलीही असेल.

आम्ही रिकाम्या हातांनी जीपपाशी आलो. मागोमाग हौसाक्का डबा घेऊन आल्या, कारण त्यांना हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं. पोरं खाली उतरून रांगेत उभी होती, जणू शाळेतच. सव्वादहा झाले होते.

दिनकरदादांनी बॉनेट लावलं.

"बसा रं समदी. थोडं तेल हाय त्यात. कमी आसलं तरी भारीतलं हाय. सा किलोमीटर निगंल."

"आणि नाही निघालं तर?" मी विचारलं.

"तर जाईल इंजिन." त्यांनी अस्मिताकडं पाहिलं नाही. "इंजिन परत बांदता येतंय. पेपर कुठनं आनू?"

इंजिन बांधायचं म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं ते मला ठाऊक होतं. दीड-दोन महिने जीप उभी. वाडीला दुसरी गाडी नव्हती आणि त्या घराला दुसरी मिळकत नव्हती. मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती सांगायला आजही जड जातं. इंजिन बसलं असतं तर दोष माझ्यावर आला नसता. दिवा लागलेला असताना गाडी चालवली, असं लिहून मी मोकळा झालो असतो. तेल चांगलं, चालकाची चूक. हे सगळं वाक्य माझ्या डोक्यात तयार झालं होतं. बारा वाजता मेळावा होता. तारळेकर साहेब एव्हाना कोल्हापुरातून निघाले असणार.

त्यांनी किल्ली लावली.

"दादा, थांबा. ते तेल घाला."

"ह्ये?"

"हो. काही होत नाही."

"आवो, तुमीच म्हनलासा—"

"म्हणालो होतो. ते खरं नव्हतं."

मागं चढायला लागलेला एक मुलगा पाय वर ठेवून तसाच राहिला.

"खरं न्हवतं म्हंजे कसं?"

"दोन्ही मिसळतात. फाटतबिटत काही नाही. महागाच्या तेलाचा गुण जरा कमी होतो, एवढंच. तुम्ही मधे साधं ओतू नये म्हणून मी तसं सांगितलं."

दिनकरदादा खाली उतरले. माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं हात उगारणार. त्यांनी तो विचारही केला नव्हता. ते एकेक गोष्ट आठवत होते.

"आनि धा हजारापतोर काडी बगाय नको, त्ये?"

"काडी आठवड्याला बघायची असते. कुठलंही तेल असू दे."

"आनि सकाळी? अंगनात?"

"गळती आहे. तेल अडवणारं मागचं सील गेलंय बहुतेक. जुन्या इंजिनात सील कडक झालेली असतात, गाळानं भोकं बुजलेली असतात. हे तेल मुळातच पातळ, त्यात गाळ धुतं. मग वाट मिळते."

"सकाळी ठावं हुतं तुमाला?"

"हो."

हौसाक्का मधेच म्हणाल्या, "मग ह्यो मानूस इकतोय तरी काय?" त्यांनी तो प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. पण एक पोरगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

दिनकरदादांनी डबा घेतला आणि माझ्या हातात दिला. "तुमी वता."

नरसाळं नव्हतं. मी वर्तमानपत्राची सुरळी केली. त्या दिवसापर्यंत मी शेकडो डबे विकले होते, पण स्वतः एकाही गाडीत तेल ओतलं नव्हतं. पहिलं पावशेर माझ्या पांढऱ्या शर्टावर गेलं. मग अस्मिता आली, तिनं सुरळी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "हळू वता सर. धार बारीक करा." मी धार बारीक केली. अडीच लिटर गेल्यावर काडीवर तेल मधल्या खुणेपर्यंत आलं.

इंजिन सुरू झालं. तांबडा दिवा दोन क्षण राहिला आणि विझला. दिनकरदादा कान देऊन ऐकत राहिले. मला वाटतं, फाटल्याचा आवाज कसा असतो ते त्यांना अजून ऐकायचं होतं. तो काही आला नाही.

"अस्मे, तू म्होरं बस. तुमी मागं बसा," ते मला म्हणाले.

मी मागं, आठ पोरांच्या मधे, तेलानं माखलेला. शेजारी चष्मा लावलेली एक मुलगी होती. तिनं गाइड पुढं केलं. "सर, तुमी सायन्सचं हाय न्हवं? ह्ये वर्गसमीकरण सोडवून द्या की." मी पेन घेतलं, धक्के खात सोडवलं, उत्तर काढलं. तिनं आधी ते पाहिलं, मग शेवटचं पान उघडलं आणि छापलेल्या उत्तराशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. तरी तिनं दुसऱ्यांदा ताडून पाहिलं.

दहा पस्तीसला आम्ही केंद्राच्या फाटकासमोर होतो. पोरं पळाली. अस्मिता वडिलांच्या पाया पडून गेली.

मला वाटलं होतं की दिनकरदादा आता मेळाव्याला येणार नाहीत. ते आले. हॉलच्या मधल्या रांगेत बसले. त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून रसूलचाचा होते, वडा खात. तारळेकर साहेबांनी माझ्या शर्टाकडं पाहून विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "प्रात्यक्षिक." साहेब खूश झाले.

साहेबांचं भाषण झालं. मग त्यांनी स्वतःच पुकारलं, "आता आपले समाधानी ग्राहक, श्री. दिनकर खोत."

दिनकरदादा माइकपाशी आले. टोपी सारखी केली.

"आठ हजार किलोमीटर झालं. आवाज कमी झालाय. डिझेलला एक किलोमीटर जास्ती मिळालंय." ते थांबले. "आनि आज सकाळी वाटंत तेल संपलं. का संपलं त्ये मगदूमसाहेब सांगतील. त्येंला ठावं हाय."

आणि माइक माझ्या हातात देऊन ते जागेवर जाऊन बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी सांगेन याची त्यांना खात्री होती, सकाळी एवढं झाल्यावरही.

मी सांगितलं. दूध फाटण्यापासून अंगणातल्या डागापर्यंत. आधी हॉल हसला, मग पुढच्या रांगेतल्यांनी वडे खाली ठेवले. सांगून झाल्यावर काय करावं ते कळेना, म्हणून मी तसाच उभा राहिलो. तारळेकर साहेब पाण्याच्या ग्लासाकडं बघत होते.

मागून रसूलचाचांचा आवाज आला. "आनि नव्या गाडीत?"

"म्हणजे?"

"माज्या भाच्यानं नवी गाडी घेतल्या. टर्बो हाय. अनुस्कुरा घाटानं राजापूरला मासळी आनाय जातोय, भरल्याली. त्यात कुटलं घालू? आता खरं सांग."

इतके महिने ज्या माणसानं मला उभं केलं नव्हतं, त्यानं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"त्यात सिंथेटिकच घाला, चाचा. टर्बो तापतो तिथं साधं तेल जळून कोळसा धरतं. भरल्या गाडीनं घाट चढायचा असेल तर हे टिकतं. किंमत वसूल होते. पण दिनकरदादांच्या जीपला नको. तिला साधं चांगलं तेल, दर पाच हजाराला बदलायचं, आणि आधी सील टाकायचं. ज्यांच्या गाड्या दहा वर्षांच्या वर आहेत आणि खाली डाग पडतो, त्यांनी माझं तेल घेऊ नका. आणि कुठलंही घाला, सोमवारी सकाळी काडी बघा."

"मग येक डबा ठेव माज्यासाटी," चाचा म्हणाले आणि उरलेला वडा संपवला.

त्या दिवशी चार डबे गेले. साहेबांनी पन्नास आणले होते. जाताना गाडीत बसून त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "मगदूम, तुम्हाला भाषण येतं. विक्री येत नाही." पुढं दोन महिन्यांनी त्यांनी मला ऑफिसात, कागदांवर बसवलं, आणि वर्षभरात मी ती नोकरी सोडली. आज कोल्हापुरात माझं तेलाचं दुकान आहे. साधंही ठेवतो, सिंथेटिकही ठेवतो. गिऱ्हाइकाला आधी गाडी किती वर्षांची ते विचारतो. आताची नवी तेलं पुष्कळ सुधारली आहेत, सीलही सुधारली आहेत, त्यामुळं पूर्वीसारखं सरसकट नको म्हणत नाही. काही लोक कंटाळून दुसऱ्या दुकानात जातात. बरेचसे परत येतात.

त्या दिवशी मेळावा उरकेपर्यंत दीड वाजला. दिनकरदादा जीप घेऊन रसूलचाचांच्या गॅरेजला गेले होते. मीही गेलो, कारण माझी मोटारसायकल वाडीवर होती आणि तिथं जायला तीच एक जीप होती. दोघं चार महिन्यांनी गॅरेजमध्ये समोरासमोर आले तेव्हा काय बोलतात याची मला धास्ती होती.

"बॉनेट उगड," चाचा म्हणाले.

दिनकरदादांनी उघडलं. चाचा खाली गेले, वर आले. "मागलं सील. रविवारी आन. तवर रोज काडी बगून चालीव." मग माझ्याकडं बोट करून, "ह्येनं वतल्यालं ऱ्हाऊ दे, चांगलं हाय." एवढंच बोलणं झालं आणि मग दोघांनी एकाच बशीतून चहा घेतला.

दोनला पेपर सुटला. पोरं आली. अस्मिता पुढं बसली, मी मागं. बाकीची एकमेकांना उत्तरं विचारत होती, कुणी आनंदानं ओरडत होतं, कुणी डोकं धरून बसलं होतं. गुऱ्हाळापाशी जीप थांबली. दिनकरदादांनी हौसाक्कांचा डबा भरून आणला होता. तो त्यांनी देऊन टाकला. हौसाक्कांनी पोरांना गरम काकवी पाजली. मलाही दिली, सगळ्यांत शेवटी.

चढ लागला तेव्हा अस्मिता मागं वळली.

"सर, तुमी आमच्या दाद्याला खोटं का सांगितलासा?"

दिनकरदादा समोर बघत होते. मी महिन्याचं टार्गेट वगैरे सांगणार होतो, पण ते पंधरा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं वाटलं नाही.

"विकायचं होतं म्हणून," मी म्हणालो.

तिनं थोडा विचार केला. तिला ते पटलं नव्हतं.

"पर दाद्या घेनारच हुता की. नोव्हेंबरात घरी आला तवा आईला म्हनत हुता, त्यो पोरगा कणाबिनाचं समजावून सांगत हुता, तवाच म्या घ्यायचं ठरवलं, शिकल्यालं हाय, नीट सांगतंय. त्ये दुधाचं तुमी त्येच्या मागनं सांगितलासा."

काकवीची रिकामी वाटी माझ्या हातात तशीच राहिली होती. परत द्यायची विसरलो होतो.

"बस गं गप," दिनकरदादा म्हणाले. त्यांनी गिअर खाली घेतला आणि जीप चढाला लागली. "म्होरं बगून वाच. परवा भूमिती हाय."